मालकांचं विसरणं

पौष वद्य ४, संक्रांत. शके १८६५

आज मालकांनी मला वही आणून दिली. सोलापूरची आहे, कागद जाड, पुठ्ठ्याला लाल कापड. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला आणलेली ही पहिली वस्तू, जिच्यात ज्वारी भरून ठेवता येत नाही. म्हणाले, "माझ्या आताशा ध्यानात राहीना बघ काही. मी काय काय विसरतो ते तू रोज लिहून ठेव. डॉक्टरला दाखवायचंय."

घ्या! नवऱ्याच्या चुका लिहायला नवऱ्यानंच वही आणून द्यावी, हे भाग्य किती बायकांच्या कपाळी असतं? माझी तर जन्माची हौस फिटणार.

रीतसर सुरुवात करते. मी शिवगंगा. माहेर सोलापूर, म्हणजे इंग्रजी मुलूख. मराठी सहा इयत्ता शिकले, आणि शिकल्याची शिक्षा म्हणून मोगलाईत दिली. इथं निजामाचं राज्य, फसली साल आणि फारसी महिने. ते मालकांच्या दुकानाला लखलाभ, माझ्या वहीत आपली तिथीच बरी. उमरग्याच्या बाजारात आमचं अडतीचं दुकान, ते आता मुलगा शिवलिंग बघतो. सून चन्नम्मा आळंदकडची. अर्धं कानडी बोलते आणि माझं सगळं ऐकून घेते. मालकांचं नाव मी तोंडानं घेत नाही, पण कागदाला कान नसतात. महालिंगप्पा. हे लिहिलं! बघा, आभाळ काही कोसळलं नाही.

दुपारी हळदीकुंकवाला बायका आल्या. नाव घ्या, नाव घ्या म्हणून मागंच लागल्या. सणाला उखाण्यात चालतं, म्हणून मीही ठसक्यात घेतलं:

उमरग्याच्या बाजारात ज्वारीची रास,
महालिंगप्पांचं नाव घेते, संक्रांतीचा दिवस खास.

मालक ओसरीवर बसून ऐकत होते आणि उपरण्यानं डोळे पुसत होते. विचारलं तर म्हणाले, "कचरा गेला." स्वतःचं नाव ऐकून डोळ्यांत कचरा जातो, हे मला नवीनच. लिहून ठेवलं, डॉक्टरला सांगेन.

पौष वद्य ६

शिव शिव शिव. आमच्या घरात दारू आली.

गळ्यात लिंग बांधलेल्या माणसांचं हे घर. शिंदीच्या झाडाखालून जाताना नाकाला पदर लावणारी मी. आणि आमच्याच समाजातल्या डॉक्टर मल्लिकार्जुननं मालकांना ब्रांडी लिहून दिली! हैदराबादला शिकायला गेला होता, आईबापांची पुण्याई तिथंच सांडून आला. त्याचं म्हणणं असं, की उतारवयात मेंदूला रक्त पुरत नाही. रोज चमचाभर घेतली की रक्त धावतं आणि विसरणं कमी होतं. चमचाभरच. त्याच्यावर गेलात तर विसरायला मेंदूच राहायचा नाही म्हणे. म्हणजे विष खा, पण बेतानं खा.

बाटली मालकांनी स्वतः सोलापूरहून आणली. करोडगिरीच्या, म्हणजे निजामाच्या जकातीच्या, नाक्यावर शिपायानं आधी बाटली बघितली, मग मालकांच्या कपाळावरचं भस्म बघितलं, आणि म्हणाला, "सावकार, तुम भी?" मालक हे मला हसत हसत सांगत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रोज दिवेलागणीला घ्यायची. त्यातही अट. "मला एकट्याला कडू पिववत नाही. तू तुझा काढा घे, दोघं जोडीनं घेऊ." मला काय झालंय काढा घ्यायला? पण नवरा बाटलीला लागला की बायकोच्या नशिबी काढाच येणार. चन्नम्मा करते, सुंठ, मिरं, तुळस घालून. बया गेल्या जन्मी मिरच्यांचा व्यापार करत असावी. घोट खाली उतरला की कानांपर्यंत ऊब येते. मालक पेला एका दमात रिकामा करतात आणि तोंडसुद्धा वाकडं करत नाहीत. झिंगणं नाही, बडबडणं नाही. उलट काल मीच माहेरची गाणी म्हणत बसले आणि तिथंच मला झोप लागली. सोबत राहून मलासुद्धा गुण लागला असणार.

पौष वद्य ९

मालकांच्या विसरण्याची आजची हजेरी.

सकाळी मला विचारतात, "आज वार कोणता गं?" मी म्हटलं, सोमवार. "हां, सोमवारच," म्हणाले. आतून चन्नम्मा म्हणाली, "बुधवार हाय आत्याबाई." मालकांनी तिच्याकडं असं बघितलं की तिनं तोंड चुलीकडं फिरवलं. सून शिकवायला लागली की सासऱ्याला राग येणारच. माझा राग तर गिळलेलाच असतो.

दुपारी विचारलं, "जेवलीस का?" मी म्हटलं, मला वाढलंय कुणी? तर सूनबाई म्हणते, "आत्ताच की जेवलासा." उपाशी ठेवायचं आणि वर जेवलात म्हणून सांगायचं! मालकांनी गुपचूप अर्धी भाकरी आणि चटणी आणून दिली. मी जेवले की नाही हे त्यांनाही आठवत नव्हतं बिचाऱ्यांना.

संध्याकाळी एक नवल बघितलं. मालकांच्या रिकाम्या पेल्याला मुंग्या लागल्या होत्या. दारूला मुंग्या लागतात हे मला आजच कळलं. पेला हुंगला तर गुळाचा वास. ब्रांडी गुळाची करतात वाटतं.

पौष वद्य ९

आज एक नवल बघितलं. मालकांच्या पेल्याला मुंग्या! दारूला मुंग्या लागतात हे मला आजच कळलं. चन्नम्माला सांगितलं तर म्हणते, "व्हय आत्याबाई, काल बी सांगितलासा."

काल? काल मी बघितलंच कुठं? हे विसरणं लागट दिसतंय. मालकांचं आता सुनेला लागलं. घरात एकटी मीच धड उरले.

माघ शु. ३

डॉक्टर मल्लिकार्जुन मालकांना तपासायला आला. तपासलं कुणाला? मला! पेशंट ते आणि प्रश्न मला. वा रे हैदराबादची डिग्री.

"काकू, महिना कोणता?"

"तुम्ही तुमच्या फीचा महिना विसरता का? मग झालं तर."

"नातवंडं किती?"

"माझ्याकडून मोजून घेऊन काय वाटप करायचंय?"

हसला. मग जरा पुढं सरकून, हळू आवाजात: "मालकांचं नाव काय काकू?"

आता मात्र मी त्याला चांगलंच झापलं. "आमच्यात बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. घरी जा आणि तुमच्या आईला विचारा, तिनं घेतलं होतं का कधी ते." डॉक्टर पोट धरून हसला. म्हणाला, "काकू लई हुशार हायेत, महालिंगप्पा." मालक मात्र हसले नाहीत. पाट सरकवून बाहेर गेले आणि ओसरीवर पाठ करून बसले. आपल्या बायकोचं कौतुक झालं की त्यांना कधीच सहन झालं नाही.

माघ शु. ११

काल काढा घेतल्यावर जरा पाय मोकळे करायला गेले होते. गुंडप्पा टांगेवाला भेटला आणि उगाच माझ्या मागं लागला. "अव्वा, हिकडं कुठं निघालाव? ही सोलापूरची सडक हाय." मला काय दिसत नव्हतं? मी आईकडंच निघाले होते. ती भाकऱ्या करून वाट बघत बसते, मी गेल्याशिवाय जेवत नाही.

गुंडप्पानं टांग्यात बसवून घरी आणलं. त्याला वाटतं मी रस्ता चुकले. मी कुठं चुकले? उमरग्यातच कुणीतरी रस्ते हलवून ठेवलेत. आणि आई वारली हेही मला ठाऊक आहे, त्यानं सांगायची गरज नव्हती. खूप वर्षं झाली. मी तिच्या उशाशी होते.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात सासऱ्या-सुनेचं कुजबुजणं चाललं होतं. भिंतीला कान लावायची मला सवय नाही, पण माझे कान अजून शाबूत आहेत, त्याला मी काय करू?

चन्नम्मा म्हणत होती, "मामंजी, थोडी थोडी म्हणता, पर काढा घेतला की घोळ अजूनच वाढतोय. सकाळच्याला बरं असतं. सांजच्याला बगा."

मालक म्हणाले, "डॉक्टर म्हणतोय, महिनाभर बघा."

"डॉक्टरला काय! रस्त्यावर त्यो गेलता का हुडकायला?"

काढा चन्नम्मा करते आणि घोळ मालकांच्या डोक्यात. मग काढ्यावर कशाला खापर फोडायचं? सरळ म्हणावं ना, मामंजी, तुमची दारू बंद करा. पण सासऱ्यापुढं तोंड उघडायला हिंमत लागते. ती सोलापूरलाच मिळते.

माघ वद्य १३

उद्या महाशिवरात्र. आज मी या घराची अब्रू वाचवली.

शिवरात्रीच्या दिवशी माझ्या घरात बाटली उघडी राहायची नाही, म्हणजे नाही! दिवेलागणीला जोडीनं घेऊन झालं. मालक ओसरीवर गेले, चन्नम्मा गोठ्यात. मी बाटली भिंतीतल्या कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं. सण म्हणून लिंगाचा दोराही बदलायचा होता. जुना शिवदार झिजून पार सूत झाला होता. लिंगाची चांदीची डबी सोडली, नवा शिवदार ओवला, गाठ मारून गळ्यात घातला. एका हातात दोरा, एका हातात कुलूप, म्हातारीला दोनच हात. तरी सगळं मी एकटीनं केलं.

रात्री मालक किल्ली मागायला लागले. मी म्हटलं, अशा जागी ठेवलीय की तुमच्या बापजाद्यांनासुद्धा सापडायची नाही. म्हणाले, "बरं बरं, राहू दे." नशेबाज माणूस असा सहज माघार घेतो का? मला वाटतं, त्यांनाही आतून सुटायचंच होतं.

गळ्यातला शिवदार जड वाटतोय. नवा असला की वाटतंच.

माघ वद्य १४, महाशिवरात्र

हे लिहू नये असं वाटतं. तरी लिहिते.

पहाटे न्हाऊन, भस्म लावून पूजेला बसले. मालक शेजारी, त्यांच्या पाटावर. शिवदार सोडला आणि लिंग घ्यायला डावा तळहात पुढं केला.

तळहातावर किल्ली होती. लोखंडी. कपाटाची.

मी पाळण्यात असताना स्वामींनी माझ्या गळ्यात लिंग बांधलं. लग्नात, बाळंतपणात, दोन लेकरं गेली तेव्हा, पटकीच्या साथीत, एक दिवस, एक घटका ते माझ्यापासून दूर झालं नाही. ते अंगावर नसलं तर माणूस जिवंत असून काय उपयोग? मी किंचाळले. किल्ली बेलाच्या पानांवर पडली. वाटलं, आता संपलंच सगळं. मी ओरडून म्हटलं, "तुम्ही! तुम्हीच बदललंत! रात्री दारू ढोसलीत आणि माझं लिंग काढून हे अडकवलंत! नरकातसुद्धा जागा मिळायची नाही तुम्हाला!"

चन्नम्मा धावत आली. "आत्याबाई, मामंजींनी न्हाय, तुमीच..." एवढं म्हणाली, आणि मालकांनी हात वर केला.

मग ते उठले. किल्ली उचलली. कपाट उघडलं. बाटलीच्या शेजारी माझी चांदीची डबी होती.

त्यांनी डबी कपाळाला लावली, पाण्यानं धुतली, माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाले, "व्हय. म्याच ठेवलं. चुकलं माझं." एरवी दुकानात ऐटीत 'मी मी' म्हणणारा माणूस, पण लहानपणी आईपुढं चूक कबूल करायचा तेव्हा असाच बोलायचा, असं माझी सासू सांगायची.

मी खूप रडले. रडत रडतच पूजा केली. ते त्यांच्या पूजेला बसायचं सोडून माझ्या दोऱ्याला गाठ मारत होते. एक मारली, ओढून बघितली, परत मारली. नंतर बाटली घेऊन परसात गेले. मोरीत सगळी ओतल्याचा आवाज ऐकू आला. चन्नम्मा दाराला टेकून रडत होती. सासऱ्याची एवढी लाज वाटली तिला.

मी त्यांना माफ केलं. कबूल करणाऱ्या माणसाला काय म्हणणार?

फाल्गुन शु. ५

डॉक्टर मल्लिकार्जुन आला आणि तणतणला. औषध मध्येच सोडलं म्हणे. मालक त्याला दारातच म्हणाले, "डॉक्टर, थोड्यानं गुण येतो म्हणालात, म्हणून शिव्याशाप घेऊन आणली. गुण न्हाय आला. होतं नव्हतं तेवढंही संध्याकाळचं जायला लागलं. आता थोडीही नको, लईही नको."

"तुम्ही वेडेपणा करताय. तिकडं मोठमोठे डॉक्टर लिहितात याच्यावर."

"लिहू द्या की. सांजच्याला हुडकायला आम्हीच जातो."

शाब्बास! इतका निर्धार असेल तर कुठलंही व्यसन सुटतं. एक वेगळी गंमत म्हणजे, आता काढ्याची कानापर्यंत ऊब येत नाही. चन्नम्माचा हात आखडला असावा. मिरं महागलंय, लढाई चालू आहे ना. पण संध्याकाळी मला आता तशी झापड येत नाही. अंगणात बसते. मालकही माझ्या शेजारी बसतात आणि पुन्हा पुन्हा तेच विचारतात, आपल्या लग्नात तुझ्या मामानं मला कसं पाण्यात पाडलं होतं ते सांग. मी सांगते. रोज सांगते. विसराळू माणसाला सांगायला कंटाळून कसं चालेल?

रोज सकाळी पूजा झाली की माझ्या शिवदाराची गाठ ते स्वतः तपासतात. त्यांना वाटतं, परत आपल्या हातून काही व्हायला नको. अपराधी मन असंच असतं.

चैत्र शु. ३. शके १८६६

चैत्राचं हळदीकुंकू होतं. बायका त्याच, भिजवलेले हरभरे, आंब्याची डाळ आणि तीच चेष्टा. "आत्याबाई, संक्रांतीला लई झकास नाव घेतलंत, परत घ्या." मालक ओसरीवरच बसले होते. चन्नम्मा पन्ह्याची भांडी हातात घेऊन उभी राहिली. मी पदर सावरला आणि म्हटलं,

"उमरग्याच्या बाजारात ज्वारीची रास..."

बायका थांबल्या.

"...संक्रांतीचा दिवस खास."

"अगं बाई! आत्याबाईंनी नावच गाळलं!" म्हणून एक जण हसली. बाकीच्याही हसल्या. मीही हसले. मग ओसरीवरून मालकांचा आवाज आला, "म्हातारपणी कसलं नाव घ्यायला लावता तिला? लाजते ती." सगळ्या पुन्हा हसल्या आणि चन्नम्मा भांडी तशीच घेऊन आत गेली.

मी लाजले नव्हते.

आता सगळ्या गेल्यात. चन्नम्मानं दिवा लावलाय. वही उघडलीय. इथं लिहायला कसली लाज? कागदाला कान नसतात. मालकांचं नाव

मालकांचं नाव

टाक दौतीत बुडवून बसले, शाई टाकावर वाळली. तोंड आठवतं. भस्म आठवतं. मामानं त्यांना पाण्यात पाडलं तेव्हा मुंडावळ्यांतून पाणी कसं गळत होतं ते आठवतं. चन्नम्मा म्हणते, पहिल्या पानावर बघा की आत्याबाई. पहिलं पान बघायला मी काय विसराळू आहे?

भीती वाटतेय. खरंच सांगते, आज फार भीती वाटतेय.

त्यांनाच विचारावं म्हणून मी हाक मारली, "अहो." त्याच्या पुढचा शब्द सुचेना. पण ते आतून लगेच "आलो आलो" म्हणत आले आणि माझ्या शेजारी बसले, गळ्यातली गाठ चाचपून बघितली. बघा आता. 'अहो' हेच आपलं नाव आहे असं वाटतंय त्या माणसाला. एवढं विसरायचं!